हात केला की थांबणारे साडू

उभ्या रायगड जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडूंइतका अडवायला सोपा माणूस सापडायचा नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून नुसता हात वर करायचा. साडू गाडीत असोत, पायी असोत की धावत असोत, ते थांबलेच म्हणून समजा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार पोलादपूर. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची कामगारांची बस त्यांनी तीस वर्षं चालवली. पहाटे आंबेनळी घाटातल्या वरच्या वाड्यांपासून माणसं गोळा करत खाली यायचं, उरलेली पोलादपूरला घ्यायची आणि सातचा भोंगा व्हायच्या आत गाडी कारखान्याच्या फाटकात उभी करायची, असं ते काम. बाहेरचा माणूस गाडीत घेऊ नये, हा नियम गाडीच्या दारावरच रंगवलेला होता, आणि त्याच दारातून साडूंनी काय काय आत घेतलं त्याला गणती नाही. परीक्षेला निघालेल्या मुली, तापाने फणफणलेली पोरं, सासरी निघालेली एक नवरी आणि तिचं शिलाईचं मशीन, कुडपणहून उतरलेले नाचणीवाले. एकदा एक गाभण शेळी घेतली, ती फाटकाच्या आत गेल्यावर व्याली, आणि आत येताना एक मोजलेली शेळी बाहेर जाताना तीन कशी झाली, याचा खुलासा वॉचमनला लेखी द्यावा लागला.

गाडी अर्थातच रोज उशिरा. कामगार आधी चिडले, मग हसले आणि शेवटी सरावले. वरून मेमो आला की साडू तो कपाळाला लावत, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबत. हात वर झाला की त्यामागचं कारण ते विचारत नसत. माशी हाकलणाऱ्यासाठी गाडी थांबे, आळस देणाऱ्यासाठी थांबे, आणि एकदा दाट धुक्यात ते नाचणीच्या शेतातल्या बुजगावण्यासाठीही पुरती दोन मिनिटं थांबले होते. कामगारांनी याबद्दल त्यांची वर्षभर थट्टा केली. "अरे, हात व्हता ना वर?" एवढंच ते म्हणत. पहिली तीन-चार वर्षं मात्र हीच गाडी घड्याळाच्या काट्यावर धावत असे म्हणे. त्यासाठी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं होतं. ते घड्याळ मी त्यांच्या घरात कधी भिंतीवर पाहिलं नाही. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते कपाटात जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं आहे. "लावू देत नायत," असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, आणि मीही पुढे विचारलं नाही.

अठ्ठावन्न पुरी झाली आणि गाडी सुटली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी हे नेहमीप्रमाणे साडेतीनला उठले, अंघोळ केली, चहा घेतला आणि दाराशी गाडी नाही हे लक्षात आल्यावर तसेच घाटाच्या दिशेने निघाले. सकाळी नवाला परत आले ते धावत. पायात रबरी चपला. ताई घाबरल्या, त्यांना वाटलं मागे काहीतरी लागलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याने ताईंनी मला महाडला फोन केला, "मास्तर, तुमी शिकलेलं हाव, तुमीच सांगा यांना." मी आलो, सांगितलं, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या मागोमाग स्कूटरवरून पाण्याच्या बाटल्या वाहायला लागलो. माझ्या शिक्षणाचा उपयोग घरात नेहमी असाच झालेला आहे.

साडू धावायचे तेही गाडीसारखेच. निघण्याआधी बुटांचे तळवे अंगठ्याने दाबून पाहायचे. डावी बाजू सोडायची नाही, वळण आलं की हात काढून दाखवायचा आणि आंधळ्या वळणावर तोंडाने "पों" करायचं. घाटात वर येणाऱ्या कित्येक दुचाकीवाल्यांनी हा पों ऐकून भलतीच मोठी गाडी येतेय असं समजून बाजू दिलेली मी पाहिली आहे. उतारावर मी म्हणायचो, सोडा जरा पाय मोकळे. त्यावर ते मान हलवत. "उताराला न्यूट्रल मारायचा नाय, मास्तर. माणूस काय, गाडी काय, तिथंच जाते." घरी आल्यावर बूट काढून ठेवायचे तेही रस्त्याकडे तोंड करून. सकाळी निघायला रिव्हर्स नको. फक्त पोलादपूरपासून अकरा किलोमीटरवर, कठडा जिथे थोडा तुटलाय त्या वळणावर, हे सगळे नियम ते विसरत. तिथे पों नाही, हात नाही. वर जाताना मान खाली घालून जात, आणि येताना तिथे थांबून मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबत. दमले असतील, असं मी धरून चाललो होतो.

त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते आणि स्वतः धावते. बापाचं हे वेड तिला कळलं तेव्हा तिने आधी रंगीत बूट पाठवले, मग एक लाल बनियन, मग चार महिन्यांचं वेळापत्रक, आणि शेवटी दोघांची नावं बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी घालून टाकली. बापलेक एकत्र धावणार, या कल्पनेने साडू इतके हरखले की बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले. पण मुलगी त्यांचीच. तिने अट घातली होती. मॅरेथॉनच्या तीन आठवडे आधी बत्तीस किलोमीटरची एक शेवटची धाव, सोळा घाटात वर आणि सोळा खाली, पाच तासांच्या आत आणि मुख्य म्हणजे न थांबता. "बाबा, थांबलात तर मी नाव मागे घेणार. माझं आणि तुमचं, दोघांचंही." तिला बाप पुरता माहीत होता. त्याआधीच्या लांब धावांमध्ये साडूंनी वाटेत एकाची पंक्चरलेली सायकल ढकलली होती, कुणाचा रेशनचा तांदूळ वाडीवर पोचवला होता आणि एका घरी पूजेचा प्रसाद घ्यायला पाऊण तास बसले होते. पाय पाच तास टिकतील याची कुणाला शंका नव्हती. रस्ता त्यांना टिकू देईल का, एवढाच प्रश्न होता.

तो सोडवायची जबाबदारी मी माझ्या शिरावर घेतली, आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. मार्गशीर्षातला रविवार, सावित्रीच्या खोऱ्यात धुकं भरलेलं. साडू साडेपाचला निघाले आणि मी स्कूटरवरून त्यांच्या पुढे. वाटेत दिसेल त्याला थांबवून मी सांगत होतो, की मागून लाल बनियनवाले गृहस्थ धावत येताहेत, कृपा करून हात वर करू नका. लोक चक्रावले. एकाने विचारलं, "का ओ, आचारसंहिता लागली काय?" चहाच्या टपरीवाला म्हणाला, "वळखीचे हायत ते. नमस्कार पन नाय करायचा?" मी म्हटलं, मनातल्या मनात करा. त्याने खरंच दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि साडू समोरून गेले तेव्हा डोळे मिटून घेतले. अशा रीतीने मी सोळा किलोमीटर रस्ता हातरहित करून टाकला. साडू वरच्या टोकाला दोन तास चाळीस मिनिटांत पोचले, कोकम सरबताचा घोट धावता धावता घेतला आणि न थांबता वळले. मी मुलीला फोन करून सांगितलं, नवी साडी घेऊन ठेव, बक्षीस समारंभाला लागेल. ती हसली. म्हणाली, "काका, अजून सोळा आहेत."

तुटक्या कठड्याच्या त्या वळणावर एक म्हातारी होती. जाताना नव्हती, मधल्या वेळात रानातून जळणाची फाटी घेऊन वर आली असावी. भारा तिने कठड्यावर टेकवला असणार, तो घसरून रस्त्यावर पडला होता. एकट्या माणसाला तेवढा भारा जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही. तो चढवायला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो, आणि आमच्या भागात वाटेने जाणारा कुणीही तो न बोलता लावतो. तिने मला पाहून हात केला. मी थांबलो, स्कूटर चालूच ठेवून. म्हटलं, "आजी, हात खाली घे. मागनं एकजण धावत येतायत, त्यांना थांबवायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. "आनि मंग?"

"मग काही नाही. ते गेले की बघू."

तिने कठड्यावर बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मी पुढे निघालो. भारा मी पाहिला होता. नव्हता पाहिला असं लिहायला मला आवडलं असतं, पण पाहिला होता.

खालच्या वळणावर जाऊन मी वर पाहत उभा राहिलो. धुकं निवळलं होतं. लाल बनियन दिसलं. साडू म्हातारीजवळून गेले. मी सांगितल्याप्रमाणे तिने हात वर केला नाही, मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. साडू दहा पावलं गेले, पंधरा गेले. मी जिंकलो असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी ते थांबले. मी खालून जिवाच्या आकांताने ओरडलो, "भाऊ, थांबू नका!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळले, चालत गेले, वाकले, आणि भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. म्हातारी पायवाटेने निघून गेली आणि साडू कठड्यावर बसले.

मी स्कूटर वर घेतली. मला राग आला होता. म्हटलं, "तिने हात तरी केला होता का?"

"नाय केला," ते म्हणाले. "भारा खाली पडलेला नि हात मांडीवर. मला आधी उमगलंच नाय. पुढं गेल्यावर उमगलं."

मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "ह्याच जाग्यावर एका माणसानं हात केला व्हता, मास्तर. सव्वीस वर्सं झाली. पाऊस व्हता. बायकोला कांबळीत गुंडाळून घेऊन उभा व्हता. गाडी भरलेली, वरनं नियम, नि मला तवा वेळेवर पोचायची लय हौस. मी काचेतनं बघितलं आनि गेलो. मागनं कळलं, वाडीतल्या चौघांनी बाईला डोलीत घालून चालत नेली. दवाखान्याच्या पायरीवर गेली ती. त्या दिवशी गाडी भोंग्याच्या आदी पाच मिनिटं पोचली व्हती. घड्याळ त्याच म्हयन्यात भेटलं."

ताई, मुलगी, आम्ही नातेवाईक, एवढी वर्षं या माणसाच्या थांबण्याला हसत आलो होतो. आणि आज सकाळपासून मी घाटातून हिंडून माणसांचे हात खाली करत होतो, त्याची मला लाज वाटली.

साडू उठले. मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि धावू लागले. पाय धरले होते, चाल बिघडली होती. पोलादपुरात शिरल्यावर घराचा रस्ता डावीकडे, पण ते सरळ गेले, दवाखान्याच्या पायरीपर्यंत, आणि तिथे हात टेकून घड्याळ बंद केलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ते हेच करत होते; रविवारी मी त्यांच्या आधीच घराकडे वळत असे, म्हणून कधी पाहिलं नव्हतं. "एक तास पन्नास," ते म्हणाले. "ताजा असलो तर दीड. मोकळ्या अंगानं, उताराला. डोली घेऊन त्यांना तीन लागले असतील. चार पन लागले असतील."

"आणि गाडीने?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"पंचवीस मिनिटं," साडू म्हणाले.

मुलीला फोन त्यांनीच केला. काही लपवलं नाही आणि रंगवलंही नाही. थांबलो, नियम म्हंजे नियम, नाव काढ, एवढं सांगितलं. कठड्यावरची गोष्ट तिला मी नंतर सांगितली. ती म्हणाली, "काका, मला वाटायचं त्यांना वेळेची किंमतच नाही." तिने नावं मागे घेतली, आणि मॅरेथॉनच्या रविवारी ती पुण्याहून आली आणि बापाबरोबर घाटात धावली. त्या दोघांना परत यायला दुपारचे दोन वाजले, कारण वाटेत तीन जणांनी हात केला होता.

यंदा पुन्हा नावं घातली आहेत, वेळापत्रक पुन्हा आलं आहे, आणि अट तीच आहे. साडू ती पाळतील असं मला वाटत नाही, मुलीलाही वाटत नसावं. परवाच्या रविवारी मी बाटल्या घेऊन नेहमीप्रमाणे स्कूटर पुढे काढायला लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या हँडलवर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, उलट मला वाईट वाटू नये म्हणून हळूच बोलले.

"मास्तर, तुमी मागनं या. तुमी पुढं गेलात, की लोक हात करत नायत."

आता मी मागूनच जातो.