घरपट्टीवरचं नाव

नांदगावला घरपट्टी वडील भरायचे, त्यामुळे ती काय असते हे मला तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. नाशिकला पहिल्यांदाच भाड्यानं खोली घेतली, आणि खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, चष्मा सापडेना म्हणून घरपट्टीचं बिल माझ्या हातात दिलं. मालक म्हणून काकांचं नाव होतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. भोगवटादार, म्हणजे घरात प्रत्यक्ष राहणारा, यापुढे लिहिलं होतं ‘स्वतः’.

“काकू, पण वर तर मी राहते,” मी म्हणाले. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

“हळू बोल. भाडेकरू दाखवला की पट्टी लय वाढते. मला नाय झेपायची. मग वरची खोली बंदच करावी लागंल. कोणी विचारलं तर बहिणीची मुलगी म्हणून सांगायचं.”

एकट्या बाईला खोली देत नाही, हे दहा दारांवर ऐकून मी इथवर आले होते. लगेच हो म्हटलं.

काही महिन्यांनी पाहणीला महापालिकेचा माणूस आला. त्यानं टेपनं खोल्या मोजल्या, वर कोण राहतं ते विचारलं. काकूंनी ठरलेलं उत्तर दिलं. तो माझ्याकडे वळला.

“ताई, मावशींचं नाव काय?”

इतके दिवस त्यांच्या हातची शेवभाजी खाल्ली, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळलं, पण नाव? सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. भाडं रोख द्यायचे, कागद कसलाच नव्हता. काकू त्याच्या पाठीमागून ओठ हलवत होत्या आणि मला काही कळेना. स्वतःचा इतका राग आला की बोलून गेले, “भाडेकरू आहे मी. लिहा.”

तो लिहून गेला. मी वर जाऊन बॅग भरायला घेतली. थोड्या वेळानं काकू दुखरा गुडघा सांभाळत जिना चढून आल्या.

“वाढेल ती पट्टी मी भरते,” मला रडूच फुटलं, “पण काढू नका मला.”

“खरं बोललीस, त्याचं नाय वाईट वाटलं. माझं नाव तुला ठाऊक नव्हतं, त्याचं वाटलं.”

मग त्यांनी ते सांगितलं. फार दिवस न वापरलेलं भांडं फळीवरून काढावं, तसं जपून.

वाढीव पट्टी दोघींनी अर्धी अर्धी भरायची ठरलं. काकांच्या मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. मालकाचं नाव बदलायला तीन खेपा पडल्या, आणि तिसऱ्या खेपेला माझं तिथल्या एकाशी चांगलंच वाजलं.

पुढचं बिल आलं. भोगवटादार म्हणून माझं नाव होतं, आणि रक्कम खरंच वाढली होती. काकूंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मालकाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे वाच.”

मी त्यांचं पूर्ण नाव वाचलं.

“अजून एकदा,” काकू म्हणाल्या. “जरा मोठ्यानं.”