धुतलेली टोपी

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी दुबईत, बर दुबई भागात, मुलीकडे राहायला आलो होतो. शेजारी पुण्याचे एक इंजिनिअर होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या टोप्या जमवायचा त्यांना नाद. उत्तरेच्या निळ्या, दक्षिणेच्या करड्या, सगळ्या काचेच्या कपाटात.

एके सकाळी ते धावतच आले. "काका, मधली टोपी ओरिजिनल नाही. माझी तपकिरी पडली होती, तिच्यावर डाग होते. कुणीतरी नक्कल ठेवलीय."

संशय त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या गुहागरच्या माणसावर. आदल्या दिवशी तो फुगलेली पिशवी घेऊन गेल्याची खबर वॉचमनने दिली.

"इथल्या पोलिसांत गेलो तर तो आत जाईल. तुम्हीच विचारा," इंजिनिअर म्हणाले.

मी त्याला समोर बसवलं. "टोपी कुठाय?"

"कपाटातच आहे साहेब. घामाचा वास यायचा, म्हणून शाम्पूने धुतली."

"दीडशे वर्षांचा घाम होता तो!" इंजिनिअर ओरडले. "आणि धुऊन एवढी नवी होते?"

"पिशवीत काय होतं?" मी विचारलं.

"माझेच कपडे, साहेब. देवाशप्पथ."

मग मी नेहमीची पद्धत वापरली. तेच प्रश्न पुन्हापुन्हा, आणि शेवटी मऊ आवाजात, "कबूल कर, मिटवून टाकतो." संध्याकाळी तो म्हणाला, "विकली साहेब. मीना बाजारात, एका माणसाला."

"कसा होता दिसायला?"

"उंच होता."

तेवढ्यावर माझं समाधान झालं. तो उंच माणूस कधीच सापडला नाही. इंजिनिअरनी तक्रार केली नाही, पण व्हिसा रद्द करून त्या कामवाल्याला गावी पाठवलं.

काही महिन्यांनी त्यांनी मला फोनवर संग्रहाचे जुने फोटो दाखवले. त्यातल्या त्या टोपीच्या कपाळावर येणाऱ्या चामडी झापेला डावीकडे एक वाकडी भेग होती, टोकाला दुभंगलेली. टोपी काढताना अंगठा तिथेच दाबला जातो. माझ्या खात्याच्या टोपीलाही तिथेच भेग पडली होती. मी कपाट उघडायला लावलं. तीच भेग, तेच दुभंगलेलं टोक.

"म्हणजे हीच माझी?" इंजिनिअर टोपीकडे बघतच राहिले. "मग तो तपकिरी रंग?"

"मळ होता. धुऊन गेला."

चौकशीआधी मुद्देमाल स्वतः पाहायचा, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. इथे मी ती टोपी एकदाही हातात घेतली नव्हती. कबुली मिळाली की तपास संपला, असं मी नोकरीभर मानलं. त्यातल्या किती कबुल्या अशाच होत्या, ते आता मला सांगता येत नाही.

मी गुहागरला फोन लावला. टोपी तीच होती, चूक माझी होती, असं सांगितलं.

मग त्याने विचारलं, "म्हणजे साहेब, मी खरंच विकली नव्हती ना?"