चार किलो चटणी

मिरची कांडायच्या डंकावर ठसका उठला, नात शिंकली आणि मला तो जुना दिवस आठवला.

घटस्फोटाच्या दाव्यात कोर्टानं आम्हा नवराबायकोला मध्यस्थ बाईंसमोर बसवलं, त्या दिवशी मी शहाणी डंकावरून थेट ऊन चटणीचा डबा घेऊन गेले होते. तिघंही शिंकून बेजार.

"किती किलो?" बाईंनी विचारलं.

"चार. दरसालचीच."

"आणि तुमच्या त्या भाड्याच्या खोलीत माणसं किती?"

"एकटी की!" मी तोऱ्यात म्हणाले, आणि माझं मलाच उमगलं, एकटीला चार किलो कशाला?

हे डब्याकडं बघत पुटपुटले, "मिरची कमी घातलीस न्हवं? मला सोसत न्हाय."

कमीच घातली होती मी बावळटीनं!

दावा मागं घेतला. पण ह्यांनी मला घरी परत नेलं ते माझ्यासाठी की चटणीसाठी, विचारायचं अजून धाडस न्हाय.