मामाच्या पायाला हात

माणूस दोन पायांवर इतका ऐटीत उभा असतो, मग तो नेमका कशाने पडतो, याचं मला नववीत असताना फार कुतूहल होतं. दोन हजार पाचचा सुमार असेल. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या वर्षी मुलींची कुस्ती सुरू झाली. गोंदियाची जिल्हा स्पर्धा जिंकणारी मुलगी नागपूरला जाणार होती. मला नागपूरला जायचं होतं, बस्स.

आमचे क्रीडाशिक्षक मूळचे कबड्डीवाले. पट कसा काढायचा ते त्यांनी पुस्तकातून दाखवलं: वाकून आत घुसायचं, समोरच्याच्या गुडघ्यांमागे हात घालायचे आणि पाय ओढायचे. चित्रात पडलेली मुलगी दिसली, पण ती पडली कधी ते काही दिसलं नाही. म्हणून मी मामाकडे गेले. तरुणपणी त्याने मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांतल्या, कुस्तीच्या दंगली गाजवल्या होत्या, आता धानाची शेती करायचा.

"सारं शिकवतो," तो म्हणाला. "पण माह्या पायाले हात नको लावू."

"काऊन?"

"तू माही भाची होस. भाचीनं पायाले हात लावला त पाप मलेच लागते."

आमच्याकडे असंच आहे. भाची केवढीशी का असेना, मामाच तिच्या पाया पडतो. मी पाळण्यात होते तेव्हापासून हा पडत आलाय. पण पाय न धरता पट काढायचा कसा? मामाने कोंड्याचं पोतं उभं करून दिलं. पोत्याचं काय, धक्का दिला की पडतं. ते ना पाय मागे टाकत, ना माझ्या मानेवर भार देत. चार दिवसांत मी वैतागले.

"हे पोतं येऊन राहिलं काय गोंदियाले माह्यासंग लढाले?"

मामा दिवसभर विचारात होता. संध्याकाळी त्याने तोड काढली. मी पट काढायचा, तो पडला की उठून माझ्या पाया पडणार, पाप तिथल्या तिथे फिटणार. परसात धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा, जाडसर पसरली. पहिल्यांदा तो पडला तेव्हा मला माझं उत्तर मिळालं. हाताच्या जोराने कोणी पडत नाही. माझं डोकं त्याच्या बरगडीला भिडलं, अंग मागे गेलं, आणि सावरायला पाय मोकळेच नव्हते. एवढंच! मी खूश होऊन उभी राहिले, पाय जुळवले, मामा वाकला.

"चाल, आणखी."

महिनाभर हेच चाललं. पट, पाय जुळवणं, नमस्कार.

गोंदियाला शेवटच्या कुस्तीत देवरीची मुलगी समोर होती. मी घुसले, हात गुडघ्यांमागे गेले, ती धपकन पडली. आता फक्त दाबून धरायचं आणि पाठ टेकवायची. मी काय केलं? तिला सोडलं, सरळ उभी राहिले आणि पाय जुळवून वाट बघत बसले. तिने वाकून माझे पाय धरले खरे, पण ते काही नमस्कारासाठी नव्हे. पुढच्या क्षणी मला वरचे पत्रे दिसत होते. संपलं नागपूर.

लोक पोट धरून हसत होते. परतीच्या बसमध्ये मी सोबत आलेल्या मामाकडे बघितलंसुद्धा नाही, इतका राग आला होता. गाव जवळ आलं तेव्हा तोच हळू आवाजात बोलला.

"मी पाप फेडत राहिलो बाई, अन् हरली तू."

घरी पोचल्यावर तो थेट परसात गेला. सदरा काढून ठेवला, माझ्यासमोर वाकला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिला.

"पाया पहिलेच पडून घेतो. पुढच्या साली आहेच नं गोंदिया. आता धर, अन् उठू नको देऊ."

मी पट काढला. तो पडला आणि उठायला लागला, तशी मी त्याच्या छातीवर सगळा भार टाकला. त्याने खरोखरचा जोर लावला. केसांत तणस, धाप लागलेली.

"सोड नं आता," तो म्हणाला.

मी सोडलं नाही.