सीलच्या तोंडातलं पाणी

ग्रीनलंडला लेकीकडे राहायला गेले होते. ती तिथे सीलचा अभ्यास करते. एका सकाळी तिच्या शेजाऱ्याने बर्फावरून एक सील मारून आणला. सोलायला घेण्याआधी त्याच्या बायकोने वितळवलेल्या बर्फाचं पाणी ओंजळीने त्या मेलेल्या जनावराच्या तोंडात सोडलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

“आई, सील जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो, म्हणजे तहानलेलाच असणार, असं इथे मानतात,” लेक म्हणाली. “गोडं पाणी पाजलं की तो पुन्हा यांच्याकडेच येतो.”

आपणही जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतो, पण ते त्याने सुखाने जावं म्हणून. इथे घालतात ते त्याने परत यावं म्हणून. ज्याला मारून खायचं, त्याच्याच परतण्याची काळजी वाहायची! निसर्ग राखण्याची याहून शहाणी रीत मला कुणी सांगू नये.

“येईल गं तो,” लेक समुद्राकडे बघत म्हणाली, “पण मादी पिलू ठेवते ते बर्फावरच्या हिमात बीळ करून. हल्ली जग तापतंय, बर्फ धरतो उशिरा, फुटतो लवकर. पिलाचं दूध सुटायच्या आत छप्पर खाली येतं.”

शेजारीण हात पुसत आमच्याकडे बघून हसली. आल्यागेल्याला पाणी द्यायचं, ते तिने दिलं होतं. त्याच्या खालचा बर्फाचा पाट मात्र आपण सगळे ओढून घेतोय.