पोत्याखालची मोटर

कोणतीही वस्तू घेण्याआधी आबा तिच्याभोवती एक फेरी मारत, मग पाठीवर सपकन एक चापट देत आणि मान तिरकी करून ऐकत. कलिंगड असो, पाण्याची टाकी असो, नाहीतर मोटरसायकल, पद्धत तीच. धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा होणाऱ्या जावयालाही त्यांनी अशीच चापट दिली होती. जावई भला माणूस, चहा सांडला तरी हसत राहिला. "पाठ चांगली हाय," असा आबांनी निकाल दिला आणि लग्न ठरलं.

आयुष्यभर म्हशी पाळलेला माणूस, त्यांना दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा गोठा होता. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी म्हशी विकल्या, पण गोठा ठेवला आणि सवयीही ठेवल्या. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात ना, त्या दिवशी आबा कडेला उभे राहून लोकांच्या म्हशींना चापट्या मारत आणि "किती लिटर?" असं विचारत. उत्तर ऐकून ते नुसतं "हां" म्हणायचे. त्या "हां"मध्ये समोरच्याची पार अब्रू जायची.

माझं उद्यमनगरात मोटरी भरून द्यायचं दुकान आहे. जळालेल्या मोटरींना नवी तार घालायची, जुन्या विकायच्या, असा धंदा. राहायला मी आबांच्याच गल्लीत. त्यामुळे त्यांना मोटर हवी झाली तेव्हा ते माझ्याकडेच येणार, हे ओघानं आलंच.

मोटर हवी होती ती आक्कांसाठी. आक्का म्हणजे आबांची बायको. त्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, पण उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. डॉक्टरांनी बोटांना काम द्या म्हणून एक रबरी चेंडू दाबायला दिला. आक्कांनी तो खिडकीतून बाहेर टाकला. त्यांना रांगोळी काढायची होती. सून होऊन आल्यापासून त्यांच्या दारात रांगोळी पडली नाही असा दिवस गल्लीनं पाहिला नव्हता. पण दुकानातल्या पुडीतली रांगोळी त्यांच्या अशक्त चिमटीतून सुटेना. जाडी असली की भसकन सांडायची, बारीक असली की बोटांना चिकटून बसायची. चार दिवस प्रयत्न करून आक्कांनी डबा ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यानंतर त्या जेवायलाही धड उठेनात.

मग एका सकाळी आबांनीच दारात रांगोळी घातली. मी ती पाहिली आहे. म्हैस शेणातून चालून गेली असती तर थोडी बरी आली असती.

त्याच दिवशी ते दुकानात आले. पूर्वी बायका शिरगोळे, म्हणजे रांगोळीचे पांढरे दगड, कुटून दारोदार विकायच्या, तसली रांगोळी आक्कांच्या बोटाला मानवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आता त्या बायका येत नाहीत, तेव्हा आपणच दळायची. कुठल्याशा रंगाच्या कारखान्यात दूध घालायला जात तेव्हा त्यांनी फिरतं पिंप पाहिलं होतं. पिंपात लोखंडी गोळ्या, गोळ्यांबरोबर दगड, पिंप फिरलं की गोळ्या वरून पडतात आणि दगडाचा भुगा करतात. कारखान्यातले लोक त्याला बॉल मिल म्हणतात. आबा 'पिंप' म्हणत.

मी त्यांच्यापुढे पाव एचपीची एक जुनी मोटर ठेवली. आबांनी फेरीसुद्धा मारली नाही.

"हे काय, मोटरीचं पिल्लू?"

"एवढ्या कामाला पुरे आहे, आबा."

"हिला चापट दिली तर आडवी व्हईल की. दगड दळायचाय भावा, शेवया न्हाय."

मग ते दुकानातल्या सगळ्यात थोराड मोटरीकडे गेले, तिला चापट दिली आणि दोन वेळची धार बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. म्हैस घेताना तसंच करतात. संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा आपल्या डोळ्यांदेखत धार काढून घ्यायची, मगच दाव्याला हात लावायचा. विकणारा सड तुंबवून ठेवतो आणि कास भरलेली दाखवतो, म्हणून ही काळजी. मोटर तुंबवता येत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पिढीजात लबाड आहे याबद्दल दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांची खात्रीच पटली. मोटर घरी गेली, एक संध्याकाळ आणि एक सकाळ चालली आणि परत आली. तिच्यापेक्षा आपल्या गोठ्यातली, चारा कापायच्या कडबाकुट्टीची तीन एचपीची मोटर जास्त दमदार आहे, असं ते म्हणाले.

पहिला प्रयोग बघायला गल्ली जमली. दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन कडबाकुट्टीच्या त्या मोटरीला आडवा जोडला होता. आत शिरगोळे आणि सायकलवाल्याकडून गोळा केलेले लोखंडी छर्रे. नारळ फुटला, बटण दाबलं, क्षणभर कानठळ्या बसतील असा खडखडाट झाला. मग कॅननं वेग घेतला आणि आवाज एकदम बंद पडला.

आबांनी बोट वर केलं. "बघा. आवाज न्हाय. लोण्यागत चाललीया."

आवाज नव्हता, कारण कॅन इतका जोरात फिरत होता की छर्रे आणि दगड भिंतीला चिकटून नुसते गोल गोल जात होते. मी म्हणालो, आबा, वेग कमी करा, आतलं वरून खाली पडायला पाहिजे. ते म्हणाले, कुस्तीत जो पडला तो हरला, कोल्हापुरात राहून तुला एवढं कळत नाही काय. गल्लीनं त्यांच्याच बाजूनं माना डोलावल्या. दुपारी यंत्र बंद केलं तेव्हा आत घातलेले दगड जसेच्या तसे बाहेर आले. जरा गरम झाले होते, एवढंच.

त्यानंतर ते रोज दुकानात यायचे आणि याहून मोठी मोटर मागायचे. मी रोज लहान मोटर दाखवायचो. मोटरीला लहान चाक, पिंपाला मोठं चाक, मध्ये पट्टा, म्हणजे वेग उतरतो, हे मी त्यांना कागदावर काढून, हातवारे करून, शेवटी चहाच्या बशा फिरवून समजावलं. ते बशीतला चहा पिऊन जायचे.

एके दिवशी मात्र ते तावातावानं आले आणि माझ्यावरच डाफरले. म्हणाले, मी विकलेली एक म्हैस नव्या मालकाकडे बघायला गेलतो, ती निवांत बसून रवंथ करत होती.

"म्हस पळत पळत रवंथ करती का?"

"नाही."

"मग हे मला आधी सांगायचं न्हाईस?"

महिनाभर मी दुसरं काय सांगत होतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण मी पाव एचपीची मोटर पुढे केली. आबांनी ती उचलली, इकडेतिकडे पाहिलं, धोतराच्या सोग्याखाली झाकली आणि तशीच गल्लीतून घरी नेली.

आता गोठ्यात दोन लोखंडी पाइप बेअरिंगवर बसले, त्यांना सायकलच्या ट्यूबचं वेष्टण झालं आणि त्यांच्यावर कॅन आडवा लोळू लागला. वेग ठरवायला आबा पिंपासमोर पाटावर बसायचे आणि रवंथासारखा जबडा हलवून पाहायचे. मी चाकं बदलायचो. जबडा आणि पिंप यांचा मेळ बसला तेव्हा आतून धबधब असा संथ, समाधानी आवाज यायला लागला. भुगा झाला, पण काळपट निघाला. ॲल्युमिनियमचा कॅन आणि लोखंडी छर्रे दोन्ही झिजून रांगोळीत उतरले होते. आक्कांनी पाहिलं आणि "राख," एवढंच म्हणाल्या.

धातू नको म्हटल्यावर आबांची नजर फिरत फिरत आक्कांच्या लोणच्याच्या बरणीवर गेली. चिनी मातीची, जाडजूड, माहेरून आलेली बरणी. तिच्यापायी आक्का आठवडाभर त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या आधीच एकेक शब्द बोलत असल्यानं आबांना हे उशिरा समजलं. छर्र्यांऐवजी त्यांनी राधानगरीच्या बाजूनं, नदीतून, घोटीव गोटे पोतंभर आणले आणि एकेक चापट मारून त्यातले निवडले. पहिल्या घाण्याला हिंगाचा वास आला आणि मुंग्या लागल्या. दुसरा घाणा आक्कांनी चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "पीठ." तिसरा, "खडे." आबा प्रत्येक वेळी डबा घेऊन मुकाट्यानं गोठ्यात परतायचे. म्हशीपुढे कधी न वाकलेला हा माणूस त्या एका शब्दाची वाट बघत ताटकळायचा.

एव्हाना आबांचं पिंप बघायला लोक येऊ लागले होते. येणारा हमखास विचारायचा, किती एचपी? आबांनी मोटरीवर एक पोतं टाकून ठेवलं होतं. धूळ लागते, म्हणायचे. आणि एचपीचं विचारलं की, "हाय की बरीच."

आणि मग ती सकाळ आली. मी दुकानाला निघालो होतो. आक्का उंबऱ्याजवळ पाटावर बसल्या होत्या, आबा समोर वाकून उभे. आक्कांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून पुढे ठेवला, चिमूट भरली आणि हलवली. रांगोळी सुटली. रेघ वाकडी गेली, थरथरत गेली, पण कुठे तुटली नाही. ती पुढे येत येत आबांच्या पायाशी पोचली.

आबांना राहवेना. "कसं हाय? बरं हाय का?"

आक्कांनी मान वर केली नाही.

"सरका," म्हणाल्या.

आबा एवढ्या घाईनं सरकले की मागच्या मागे गटाराच्या कट्ट्यावर बसले. तिथं बसूनच ते पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होते आणि मला म्हणत होते, भुगा लई उडतोय रं.

त्यानंतर त्यांनी रांगोळी दळली ती दळतच राहिले. थोडकं करणं स्वभावातच नव्हतं. गल्लीतल्या घराघरात डबे पोचले, मुलीच्या सासरी पोचले, चंदगडच्या पाहुण्यांकडे एसटीतून पिशव्या गेल्या. गेल्या वर्षी आबा दुपारच्या झोपेतच गेले. मला फार जड गेलं. दुकानात कुणी मोटरीवर हात ठेवला की अजून मी वर बघतो. गल्लीतल्या दारांपुढे मात्र त्यांचीच रांगोळी पडत राहिली. मोठ्या मोटरीवर अडून बसले असते तर यातलं काही झालं नसतं, असं मी मनात म्हणायचो आणि मला हसू यायचं.

परवा आक्कांनी मला हाक मारली. त्यांचा डबा संपला होता. आम्ही दोघं गोठ्यात गेलो. बरणी जागेवर होती, गोटे आत होते. मी शिरगोळे भरले, पट्टा ताणून पाहिला आणि मोटरीवरचं पोतं काढलं.

आक्का बघतच राहिल्या. जवळ आल्या, वाकून पुन्हा पाहिलं.

"हीच?"

"हीच, आक्का. पाव एचपी."

त्या आता थोडं जुळवून बोलतात. शब्द गोळा करायला वेळ लागला. "मला... तीन म्हणलं हुतं."

आणि हसायला लागल्या. आजारपणानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दावणीच्या खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मी बटण दाबलं. बरणी संथपणे फिरू लागली, आत गोटे धबधब पडू लागले.

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या माणसानं विचारलं, आबांचं पिंप चालू केलं का, बघायला येऊ का. आक्कांनी चटकन ते पोतं उचललं आणि उजव्या हातानं, एकेक कोपरा ओढत, मोटर नीट झाकली.

"आता ये म्हणावं," त्या मला म्हणाल्या.