मे महिन्याची लदीन

मिरजेहून परतल्यापासून सांतानला प्रत्येक गोष्टीत काहीतरी लपवलेलं दिसायला लागलं. पेजेत अंडं फेटून घातलं की विचारायचा, "आज अंडां कित्या? कसलो सण?" माडाच्या हद्दीवरून तीन वर्षं अबोला धरलेली बहीण आपोलिना कोंबडीचा रस्सा घेऊन दारात आली, तेव्हा त्याने भांड्यात पाहिलंसुद्धा नाही. ती जाताच बायकोला म्हणाला, "ही बोलाक लागली म्हणजे माजा काय खरा नाय."

सेवरीना हसली. असं हसणं तिला दोन महिन्यांत जमायला लागलं होतं.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून कॅन्सर हा शब्द सांगितला होता. सांतानच्या गळ्याला महिनाभर विजेचे शेक दिले, गाठ बरीच बसली. "जानेवारीअखेर पुन्हा आणा. तेव्हाचे शेक चुकले तर हे सगळं वाया," डॉक्टर म्हणाले. नवऱ्याला तिने नुसती 'गाठ' म्हणून सांगितलं. तो शब्द कानावर पडला तर हा पुन्हा एस.टी.त पाय ठेवणार नाही, भिंतीकडे तोंड करून पडेल, अशी पंचवीस वर्षांच्या संसारात तिची खात्री झाली होती. ती रोज पहाटे चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला जायची. देवावर तिचा भरवसा होता. निदान आहे असं ती चर्चच्या वाटेवर स्वतःला बजावत असे.

त्यांच्या दारातल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, दर मे महिन्यात लदीन व्हायची. तिन्हीसांजेला वाडी जमायची, मेणबत्त्या लागायच्या, सगळे मिळून सायबिणीची, देवमातेची, प्रार्थना गायचे आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जायचे. सांतान पेशाने शिंपी, पण लदिनीचा पहिला सूर त्याचा. एकोणसाठ साली मात्र सेवरीनाने लदीन जानेवारीतच ठरवली. आपोलिनाला सांगितलं, वाडीतल्या सिप्रियनला सांगितलं, चणे भिजत घातले. सांतानला म्हणाली, "मे म्हयन्यात पाद्री गोंयाक जातले, म्हणान."

तेवढ्यात शेजारचा सहदेव मासेमारीची होडी ओढून आला आणि दरवर्षीप्रमाणे लदिनीसाठी आपली गॅसबत्ती पडवीत ठेवत म्हणाला, "काय रे सांतान, अवंदा मे म्हयनो पौषातच आयलो?"

सहदेव गेल्यावर सांतानने मशीनवरचा हात काढला. आवाज घोगरा, फाटका झाला होता.

"पाद्री आपल्या लदिनीक कधी आयललो गो?"

सेवरीनाने चण्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. पाद्री कधीच आला नव्हता.

"सुरू कोण करतलो?"

"सिप्रियन."

"सिप्रियन! त्याचो सूर आयकान सायबीण कानांत बोटां घालतली." तिला हसू आलं, त्याला आलं नाही. "मी मे म्हयन्यात नसतलंय, असां कोण बोललो? डॉक्टर?"

"नाय हो. डॉक्टर म्हणतत गाठ बसता. मीच भियालंय."

"कॅन्सर तो. माका ठावूक आसा."

ती मशीनजवळ खाली बसली.

"बाजूच्या खाटेवरच्यान पयल्याच दिसा सांगल्यान. त्या वार्डात दुसरो रोग नाय. तू रोज पाटचा उठान मिसाक जातंस, तां बघान मी गप रवलंय. म्हटलां, हिका विश्वास आसा, बस झालो. आणि आता तूच तारीख अलीकडे आणलंस." त्याने तोंड फिरवलं. "मी मिरजेक येवचंय नाय."

सेवरीनाने पदराने हात पुसले आणि ती आधी आपोलिनाकडे गेली.

"लदीन मे म्हयन्यात."

"देवाक बोललली आंगवण म्हणजे काय बाजार गो? आज नको, उद्या?"

"तुजो भाव सुरू करतलो."

"त्या गळ्यान?"

"आसा त्या गळ्यान."

बऱ्याच दिवसांनी ती कुणाशी खरं बोलली होती. सिप्रियनला फार सांगावं लागलं नाही, तो सुटल्यासारखा दिसला. परत येऊन तिने गॅसबत्ती उचलली, सांतानच्या समोरून नेली आणि सहदेवच्या पडवीत ठेवून आली. सांतान पाहत होता.

तिसऱ्या दिवशी तो मिरजेच्या एस.टी.त बसला, तिच्याकडे न बघता. फोंडाघाटाच्या बाजारात गाडी थांबली तेव्हा तिने डबा उघडला. भिजलेल्या चण्यांना मोड आले होते, ते पहाटे उकडून आणले होते.

"सगळे घेतलंस?"

"सगळे. टाकतलंय काय?"

"घरात लदिनीक ठेवलेले नाय मा?"

"नाय हो."

"मे म्हयन्याक नवे घे."

त्याला चणे गिळता येत नव्हते. तिने मूठभर तोंडात टाकले. ती गिळेपर्यंत त्याने तिच्या तोंडावरची नजर हलवली नाही.